अफवा मराठीत, खुलासा कन्नडमध्ये

मार्च 2020मध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यातला एक व्हिडिओ देशभर फिरला. गोकाक तालुक्यातल्या एका पोल्ट्रीवाल्याने सुमारे 6 हजार कोंबड्या खड्ड्यात जिवंत पुरल्या होत्या. चिकनमुळे कोरोना होतो, या अफवेने दर इतका कोसळला होता की खाद्याचा खर्चही निघेना. चिकनमधून हा विषाणू पसरत नाही, असं केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने तोवर सांगून झालं होतं. ते वेळेत गावापर्यंत पोचलं नाही. अफवा मात्र केव्हाच पोचली होती.

सरकारने त्यातून काही धडा घेतला, हे मान्य करायला हवं. त्याच महिन्यात केंद्राने व्हॉट्सॲपवर कोरोना हेल्पडेस्क सुरू केला. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाची (पीआयबी) फॅक्ट चेक शाखा खोट्या मेसेजवर शिक्के मारून ते परत लोकांत सोडू लागली. खोटं ज्या वाटेने येतं त्याच वाटेने खरं पाठवायचं, ही दिशा बरोबरच होती.

पण कर्नाटकाच्या सीमेवरच्या, मराठी बोलणाऱ्या निपाणीत त्याचं काय झालं? इथल्या माणसाचे सोयरे कागल-गडहिंग्लजला, दवाखाना कोल्हापूरला. त्याच्या फोनवर महाराष्ट्र सरकारची माहिती स्वच्छ मराठीत येई, पण त्यातले नियम त्याला लागू नव्हते. जे लागू होते ते कर्नाटकाचे, आणि त्यांची पत्रकं कन्नड आणि इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या आजोबांनी ती कुणाकडून वाचून घ्यायची? फेब्रुवारी 2021मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर अहवाल मागायला सुरुवात झाली, तेव्हा नेमकं कुणाला सोडतात हे लोक एकमेकांच्या फॉरवर्डवरूनच ठरवत होते. अधिकृत उत्तर आपल्या भाषेत मिळालं नाही की माणूस शेजाऱ्याच्या मेसेजवर विसंबतो. त्याला अडाणी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशाचं जुनं धोरण आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न 2004पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तापाच्या, लशीच्या, नाक्याच्या सूचनेने त्यासाठी का थांबावं? हेच महाराष्ट्रातल्या जत आणि अक्कलकोटच्या कन्नड भाषकांनाही लागू आहे, आणि महाराष्ट्रानेही ते तितक्याच मनापासून करावं. पुढची साथ येण्याआधी बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एवढं तरी ठरवावं: नाक्याचा नियम बदलला की त्याच दिवशी, एकाच पोस्टमध्ये, दोन्ही भाषांत सूचना निघेल आणि तालुक्यातल्या प्रत्येक आशाताईच्या फोनवर ती आधी जाईल.