गृहयंत्रविचार : मोटारीची नाडीपरीक्षा

एकत्र कुटुंबांत जी वस्तु सर्वांची असते, तिची काळजी बहुधा कोणाचीच नसते, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. विहिरीवरचा पंप, माडीवरचा झोपाळा आणि अंगणांतील मोटार यांची गोष्ट एकच. आजोबांची रक्तदाबाची गोळी किती वाजतां, धाकट्या नातवाची लस कोणत्या महिन्यांत, हें घरांतील प्रत्येक स्त्रीस तोंडपाठ असतें. परंतु मोटारीचें तेल शेवटीं केव्हां बदललें असें विचारलें, तर वडील बंधु धाकट्याकडे पाहतात आणि धाकटे ड्रायव्हरकडे. म्हणून या महिन्यांत मोटारीच्या दोन अंगांचा, म्हणजे तिला वळविणाऱ्या स्टीअरिंगचा आणि तिला चालविणाऱ्या इंजिनाचा, विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोटार आपल्या घरांत आली ती तशी अलीकडेच. १९४४ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट व पद्मिनी या मोटारी बाहेर पडल्या. डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० निघाली आणि मध्यम स्थितीच्या कुटुंबांसहि मोटारीचें स्वप्न पाहतां येऊं लागलें. पद्मिनी तर ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या टॅक्सींतूनहि निवृत्त झाली. त्या जुन्या मोटारींत कार्बोरेटर असे, आणि रस्त्याच्या कडेला बसून तो साफ करून देणारा मिस्त्री गांवोगांव सांपडे. आजच्या मोटारींत इंधन किती सोडावयाचें हें संगणक ठरवितो. यंत्र बदललें, परंतु दोष ओळखण्याची रीति बदललेली नाहीं, आणि ती आमच्या मतें फार जुनी आहे.

आपल्या वैद्यांनीं रोग जाणण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत; माधवकराचा प्रसिद्ध निदानग्रंथ त्यांवरच उभा आहे. निदान म्हणजे रोगाचें कारण. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वींची अस्पष्ट सूचना. रूप म्हणजे स्पष्ट लक्षणें. उपशय म्हणजे एखादा उपाय करून पाहिला असतां पडणारा उतार. उतार न पडला तर त्यावरूनहि कांहीं तरी कळतेंच. आणि संप्राप्ति म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कोणत्या वाटेनें आला, तिचा उलगडा. हीं पांच साधनें हातीं घेऊन मोटारीकडे जाणारा मनुष्य फसत नाहीं, असें आम्ही म्हणतों. तें कसें, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल.

डहाणूच्या एका परिचित कुटुंबांतील मधली सून तलासरीस शिक्षिका आहे. ती रोज घरची मोटार घेऊन चारोटीमार्गें जाते. म्हणजे मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याचा कांहीं भाग तिला रोज दोन वेळां तुडवावा लागतो. एका पावसाळ्याच्या शेवटीं ती सासऱ्यांस म्हणाली, “मामंजी, हमरस्त्यावर गाडी सरळ राहत नाहीं. सारखी इकडेतिकडे सरकते, आणि खड्ड्यांत पुढून टुकटुक वाजतें.” सासरे सज्जन गृहस्थ, परंतु दोन्ही मुलगे हंसले. “वहिनी, गाडी सरकत नाहीं, तुमचा हात सरकतो,” असें धाकट्या दिरानें सांगितलें, आणि तो विषय तेथेंच संपला.

सूनबाईंनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं एक वही घेतली आणि पंधरा दिवस टिपणें केलीं. आवाज केव्हां येतो? हळू चालतांना, लहान खड्ड्यांत, पुढच्या डाव्या बाजूनें. सरकणें केव्हां? वेग वाढला कीं. ब्रेक दाबल्यानें वाढतें काय? नाहीं. टायरांत हवा कमी असेल म्हणून चारी टायर थंड असतांना, ड्रायव्हरच्या दारावरील पत्रकांत दिलेल्या आंकड्याप्रमाणें, हवा भरली. सरकणें कमी झालें नाहीं. पुढचे टायर मागें आणि मागचे पुढें घातले. तरी कमी झालें नाहीं. हा अनुपशय, म्हणजे दोष टायरांत नाहीं, एवढें निश्चित झालें. मात्र काढलेल्या डाव्या टायरावरून हात फिरवितां त्याचे कंगोरे एका दिशेनें करवतीसारखे हातास लागले. चाक सरळ न धांवतां किंचित् तिरपें घासत चालतें, याची ती खूण होती.

मोटार एका दुरुस्तीच्या कारखान्यांत नेली. तेथें कोणीं खालीं वांकूनहि न पाहतां, संपूर्ण स्टीअरिंग रॅक बदलावा लागेल, असें सांगून मोठी रक्कम कागदावर लिहून दिली. सासरे पैसे देण्यास तयार होते. वही पाहून मात्र ते थबकले, आणि त्यांनीं गाडी गांवांतील एका वृद्ध मिस्त्र्याकडे नेण्यास सांगितलें.

मिस्त्र्यानें प्रथम वही वाचली. मग सूनबाईंस आंत बसवून, गाडी जमिनीवर उभी असतांनाच, स्टीअरिंग थोडें थोडें डावीकडे-उजवीकडे हलवावयास सांगितलें आणि आपण खालीं निजून सांधे पाहिले. नंतर पुढचें चाक जॅकनें उचलून खालीं भक्कम टेकू दिला. घड्याळांत बारा व सहाचे आंकडे असतात त्या जागीं हात धरून चाक हलविलें. तें हललें नाहीं. म्हणजे चाकाचें बेअरिंग आणि बॉल जॉइंट शाबूत. तीन व नऊच्या जागीं हात धरून हलविलें तेव्हां चाक खुळखुळलें. हालचाल होती ती टाय-रॉडच्या बाहेरच्या टोंकाच्या सांध्यांत. रॅकच्या बाजूचा सांधा घट्ट होता. आतां संप्राप्ति स्पष्ट झाली. सांध्यावरील रबराचें आवरण फाटलें. पावसाचें पाणी आणि रेती आंत गेली. ग्रीस धुवून निघालें. गोळी आणि वाटी झिजली. म्हणून खड्ड्यांत आवाज, म्हणून वेगांत सरकणें, म्हणून टायराची ती झीज. एक लहानसा सांधा बदलला, अलाइनमेंट करून घेतली, आणि गाडी बाणासारखी सरळ चालूं लागली. रॅकच्या मानानें खर्च क्षुल्लक आला.

येथें पैसे वांचले हें खरें. परंतु आमच्या मतें तो गौण लाभ होय. असा सांधा झिजत झिजत अखेरीस निसटूं शकतो. तो निसटला म्हणजे त्या चाकावर स्टीअरिंगचा अधिकार राहत नाहीं. आणि ट्रकांच्या रांगेंत, हमरस्त्याच्या वेगांत तें घडलें असतें तर काय झालें असतें, हें लिहिण्याची गरज नाहीं. पूर्वरूप जिनें ओळखलें, तिलाच घरानें अडाणी ठरविलें होतें. जो रोज चालवितो त्याच्या हाताला जें कळतें, तें क्वचित् चालविणाऱ्याच्या पदवीला कळत नाहीं, एवढें घरांतील कर्त्या पुरुषांनीं लक्षांत ठेवावें.

आतां स्टीअरिंगचीं इतर लक्षणें. तें जड झालें तर प्रथम पुढच्या टायरांतील हवा पाहावी. हवा ठीक असून तेलावर चालणारें पॉवर स्टीअरिंग असेल तर तेलाची पातळी व पट्टा पाहावा. विजेवर चालणारें असेल तर समोरचा दिवा लागला आहे काय तें पाहावें. गाडी एकाच बाजूस ओढत असेल तर टायर, अलाइनमेंट किंवा अडकलेला ब्रेक यांपैकीं एक कारण बहुधा असतें. ब्रेक अडकला असल्यास तें चाक इतरांहून फार तापतें. ठराविक वेगावरच स्टीअरिंग थरथरत असेल तर चाकांचें बॅलन्सिंग बिघडलें असण्याचा संभव आहे. ब्रेक दाबतांनाच थरथरत असेल तर ब्रेकच्या डिस्क पाहाव्या. पूर्ण वळण घेतांना कटकट असा आवाज आला तर अॅक्सलच्या बाहेरील सांध्याचा संशय घ्यावा. चालत्या गाडींत इंजिन बंद पडलें तर स्टीअरिंग जड होतें, पण तें वळतें. घाबरून किल्ली मात्र काढूं नये, कारण पुष्कळ गाड्यांत किल्ली काढतांच स्टीअरिंगला कुलूप बसतें.

इंजिनाकडे वळतां पहिली गोष्ट तापाची. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हां उन्हांत वाहनांच्या रांगा लागतात आणि मोटारी तापतात. तापाचेंहि निदान आहे. गाडी उभी असतांना तापते आणि चालूं लागली कीं निवते, तर रेडिएटरचा पंखा फिरत नसावा. कारण चालतांना वारा आपोआप मिळतो. वेगांत किंवा चढावर तापत असेल तर कूलंट कमी, रेडिएटर तुंबलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पाण्याचा पंप बिघडलेला असावा. कांटा वर जातांच एअर कंडिशनर बंद करावा, सुरक्षित जागीं थांबून इंजिन बंद करावें, आणि निवेपर्यंत स्वस्थ बसावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कोणींहि उघडूं नये. आंतील दाबाखालचें पाणी उसळून तोंड भाजतें. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला तर मात्र पुढचें गांव गांठण्याचा विचारहि करूं नये; तत्क्षणीं बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. तेलावांचून धांवलेलें इंजिन थोड्याच वेळांत निकामी होतें.

धूर हें इंजिनाचें जिव्हापरीक्षण होय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. आणि इंजिन गरम झाल्यावरहि न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे बहुधा कूलंट आंत शिरत आहे. इंजिन धक्के देत असेल तर नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक उपयोगी पडतो. ज्या सिलिंडरवर संशय आहे त्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवावी. दोष कॉइलबरोबर गेला तर कॉइल वाईट. जागच्या जागीं राहिला तर स्पार्क प्लग, इंजेक्टर किंवा त्याच्या पुढचें कारण शोधावें. हें काम इंजिन बंद व थंड असतांना, जाणत्याच्या हातून करवावें.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हें प्रदूषणाचें मान नव्या मोटारींस लागू झालें आणि त्यांतील संगणकाचें काम आणखी वाढलें. इंजिनाचा दिवा लागला कीं मिस्त्री यंत्र जोडून सांकेतिक आंकडा वाचतो, आणि पुष्कळदां त्या आंकड्यांत ज्याचें नांव आलें तो भाग बदलून मोकळा होतो. वाचकहो, आंकडा हें रूप आहे, निदान नव्हे. वायुमापक सेन्सरची तक्रार येते आणि दोष फाटलेल्या हवेच्या नळींत असतो, असें वारंवार घडतें. दिवा स्थिर असेल तर लवकर दाखवावें. लुकलुकत असेल तर वेग कमी करून गाडी थांबवावी, कारण न जळलेलें इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतें.

समुद्रकांठच्या वाचकांस दोन शब्द अधिक. खाऱ्या हवेनें बॅटरीच्या टोंकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमते आणि अर्थच्या जोडांस गंज चढतो. मग इंजिन सुस्त फिरतें, आणि विजेचा दाब उतरल्यानें कधीं कधीं स्टीअरिंगचा दिवाहि उगाच लागतो. महाग भाग बदलण्यापूर्वीं हे जोड साफ करून पाहावे. चिकूच्या वाड्यांलगत उभ्या असणाऱ्या गाड्यांत उंदीर तारा कुरतडतात. यास्तव दर आठवड्यास बॉनेट उघडून पाहावें. पुराच्या पाण्यांत इंजिन बंद पडलें तर पुन्हां सुरू करण्याचा प्रयत्न करूं नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत पाणी असतां इंजिन फिरविलें तर आंतील दांडे वांकतात.

यंत्र निर्दोष असलें म्हणजे सर्व झालें असें नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री आणि मागें बसलेले दुसरे गृहस्थ मृत्यु पावले. मागच्या आसनावरील दोघांनीं पट्टे बांधलेले नव्हते. तेव्हां आजीबाई मागें बसल्या तरी त्यांचाहि पट्टा बांधावा.

कायद्याचेंहि म्हणणें ऐकण्यासारखें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाचा आशय असा कीं, जो दोष ठाऊक होता, किंवा साधी काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता, अशा धोकादायक दोषासह वाहन सार्वजनिक ठिकाणीं चालविणें जसा अपराध, तसाच तें चालवूं देणेंहि अपराध. सूनबाई सांगत असतां हंसणाऱ्यांनीं हे शेवटचे शब्द पुन्हां वाचावे.

यास्तव प्रत्येक घरानें मोटारीच्या कप्प्यांत एक वही ठेवावी. जो चालवील त्यानें लिहावें: तारीख, किलोमीटर, काय वाटलें, कोणत्या वेगांत, इंजिन थंड कीं गरम, वळतांना कीं सरळ. हवा आणि तेलाची पट्टी पाहण्याचें काम नांव घेऊन एकाकडे सोंपवावें. वाटल्यास दर महिन्यास पाळी बदलावी. मिस्त्र्याकडे जातांना “अमुक भाग बदला” असें सांगूं नये, “असें असें होतें” एवढेंच सांगावें. आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा. जुना भाग हातीं घेऊन त्याचा दोष दाखवूं शकतो, तो मिस्त्री जपून ठेवण्याजोगा. येत्या रविवारीं चहानंतर घरांतील सर्वांनीं अंगणांत जमावें, बॉनेट उघडावें आणि वहीचें पहिलें पान भरावें. तें पान जी रोज गाडी चालविते तिच्या हातून लिहविलें, तर अधिक चांगलें.