कडेचा माणूस

काचबिंदूत दृष्टीची कड झिजत जाते. मधली नजर मात्र पुष्कळ काळ स्वच्छ राहते. म्हणूनच घरातील वडीलधारे खातेवहीतील बारीक आकडे वाचतात आणि बाजारात लोकांवर आदळतात. त्यावर ‘लक्ष कुठे असते?’ असे विचारणे अन्यायाचे आहे.

बोस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेत एली पेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी दृष्टीची कड गमावलेल्या रुग्णांचा अभ्यास आभासी वास्तवात उभारलेल्या बाजारसंकुलात केला. (व्यापाऱ्यांना हे स्थळ परके वाटू नये!) प्रयोगापायी खऱ्या गर्दीत कोणाला धडकू देणे योग्य नव्हे, आभासी धडकेने इजा होत नाही, शिवाय तोच प्रसंग हुबेहूब पुन्हा उभा करता येतो.

धडकेची भूमिती विलक्षण आहे. दोघे आपापल्या स्थिर गतीने सरळ चालत एकमेकांवर येत असतील, तर दुसरा माणूस पहिल्याच्या दृष्टीत सरकत नाही. ज्या कोनात प्रथम असतो त्याच कोनात अखेरपर्यंत राहतो. जो सरकतो, तो पुढून वा मागून निघून जातो. म्हणजे अंध कडेतला माणूस धडकेपर्यंत तेथेच लपलेला! पेलींच्या २०१६ च्या गणितात सर्वाधिक धोका सुमारे ४५ अंशांच्या दिशेने येणाऱ्यांचा निघाला. दृष्टी आक्रसलेल्याने नजर समोरच खिळवली, तर तो दिसणार नाही. चालताना मान अधूनमधून दोन्हीकडे वळवावीच लागते.