आठ कोअरांचा मोह

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या प्रोसेसरवर लेख लिहावा, हे आमच्या काही प्राध्यापकांना आगाऊपणाचे वाटेल. वाटो. यात माझे, खरे म्हणजे आईचे, पैसे गेले आहेत आणि ज्याचे जळते त्यालाच कळते.

आईने भिशीचे पैसे दिले तेव्हा 'अभ्यासाला संगणक हवा' असे मी सांगितले होते. ते अगदीच खोटे नव्हते. पण मनात होते ते गेम. दुकानात दरपत्रक पाहताना माझी नजर एकाच आकड्यावर खिळली : आठ कोअर! प्रोसेसर जुन्या पिढीचा होता, पण आठ म्हणजे आठ. वसतिगृहातील शेजारच्या मित्राने तेवढ्याच पैशांत नव्या पिढीचा, चार कोअरचा घेतला. मला त्याची कीव आली. पुढे दोघांनी एकच गेम लावला. ग्राफिक्स कार्डही सारखेच. त्याच्या पडद्यावर सारे सुरळीत चाले. माझ्याकडे मात्र चकमकीला जरा गर्दी झाली की चित्र अडखळे.

असे का व्हावे? लग्नघरातला स्वयंपाक आठवा. भाज्या चिरायला आठजण बसवता येतात, पण फोडणी देणारा आचारी एकच. त्याचा हात संथ असेल तर पंगत खोळंबणारच. बहुतेक गेममध्ये असा एक मुख्य थ्रेड असतो आणि तो एकाच कोअरवर चालतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच या मर्यादेकडे लक्ष वेधले होते : निम्मे काम वाटून देण्याजोगे नसेल, तर कितीही प्रोसेसर जोडा, वेग दुपटीपलीकडे जात नाही.

बरे, पिढी एकच असली तरी आकडा फसवतोच. एएमडीच्या रायझेन ५ ५६०० मध्ये सहा कोअर, रायझेन ७ ५७०० मध्ये आठ. नावातला आकडाही मोठा! पण पहिल्यात एल-थ्री कॅश ३२ एमबी, दुसऱ्यात १६. गेमला लागणारी माहिती हाताशी असणे महत्त्वाचे, म्हणून अनेक गेममध्ये सहावालाच पुढे राहतो.

याचा अर्थ कोअर निरर्थक आहेत असा कोणी घेऊ नये. २०१४ साली 'फार क्राय ४' हा गेम निव्वळ दोन कोअरच्या प्रोसेसरवर सुरूच होईना. प्लेस्टेशन ५ मध्ये २०२० पासून आठ कोअर आहेत, तेव्हा गेम लिहिणारेही काम अधिकाधिक वाटू लागले आहेत. ज्याला व्हिडिओ संपादन करायचे आहे त्याने आठ जरूर घ्यावेत. पण केवळ खेळायचे असेल आणि खिसा आपल्यासारखाच असेल, तर नव्या पिढीचे सहा कोअर घ्या, कॅश किती ते विचारा आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. अगदीच ओढाताण असेल तर नवे चारही चालतील. माझ्या मित्राचे चालताहेतच.

परवा आईने फोनवर विचारले, "चांगला चालतो ना रे संगणक?" मी "हो" म्हणालो. तिची वर्षभराची भिशी होती ती.