कपाटाची किल्ली मुलांकडे द्या

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने ज्ञान स्वतः घडवण्याची पद्धत, वर्गात रुजवला. जमिनीवरच्या आखणीभोवती बसून, खडे-काड्या हाताळत मुले गणित स्वतः शोधू लागली. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात राज्यभरातले शिक्षक ते पाहायला आले. पण शोध पुढे न्यायला पुस्तके लागतात. उदाहरणार्थ, सांगलीजवळ हरिपूरला हळद पेवांत, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यांत, साठवत. ती तिथे का टिके, २००५ च्या महापुरात पेवांचे काय झाले, हे मुलांनी जुन्याजाणत्यांना विचारावे, मातीचा ओलावा तपासावा, मग ग्रंथालयात पडताळावे. अनेक शाळांत मात्र पुस्तकांचे कपाट कुलूपबंदच असते. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांनी ग्रंथालयाची एक तासिका मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावी.