दीड तास, पण कोणाचा?

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. ताशी आठशे किलोमीटर वेगाच्या विमानाला त्यासाठी पन्नास-बावन्न मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र साधारण दीड तास छापलेला असतो. यात लबाडी काही नाही. विमान एका ठिकाणी जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे थांबेपर्यंतचा तो हिशेब आहे. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, उड्डाणाची पाळी, चढणे, उतरणे, सारे त्यात आले. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाच्या दोन धावपट्ट्या तर एकमेकींना छेदतात. त्यामुळे तिथे पाळी लवकर येत नाही.

पण हा हिशेबही अपुराच. कर्जाच्या जाहिरातीत व्याजाचा दर ठळक अक्षरांत असतो आणि बाकीचे आकार तळाशी बारीक टायपात. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला ही तऱ्हा परिचयाची आहे. दीड तासाखालचा बारीक टाइप असा : घरून विमानतळ गाठणे, तासभर आधी बंद होणारी खिडकी, तपासणीची रांग, सामानाची वाट पाहणे आणि पुन्हा टॅक्सी. दारापासून दारापर्यंत पाच तास सहज जातात. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तिथून नागपूर हवेत थोडे जवळ पडते, पण बोरिवलीकराला जमिनीवर तेवढेच, किंबहुना जास्त, लांब पडते.

एवढी घासाघीस कशासाठी? तर राज्यकर्ते हाच दीड तास पुढे करून अंतर मिटल्याचे सांगतात म्हणून. २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, तेव्हाही आठ तासांचा असाच गजर झाला. पण अंतर किलोमीटरवर ठरत नाही. कोणी कोणाकडे जायचे, यावर ठरते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येऊन पिशव्यांची अदलाबदल करीत. नागपूर तेव्हा एका राज्याची राजधानी होते आणि देशाच्या मधोमध होते. १९५६ नंतर शहर जागचे हलले नाही; राजधानी मात्र दूर गेली.

हे अंतर १९५३ च्या नागपूर कराराने ओळखले होते. सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात यावे, ही त्यातली अट. २०२५ चे हिवाळी अधिवेशन ८ ते १४ डिसेंबर, म्हणजे जेमतेम आठवडाभर चालले. मंत्र्यांचा दीड तास वाचला; पण गडचिरोलीच्या माणसाला नागपूर गाठायलाच सुमारे १७० किलोमीटरचा रस्ता कापावा लागतो. मंत्रालयातल्या एका सहीसाठी त्याने पुढे विमानाचे तिकीट काढावे काय?

उत्तर आपल्यापाशीच आहे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात असल्याने वैदर्भीय पक्षकाराला मुंबईची वारी करावी लागत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरातही सर्किट बेंच बसले. न्याय लोकांकडे जाऊ शकतो, तर फाईल का नाही? विदर्भाच्या विषयांवरची अंतिम सही बारा महिने नागपुरात व्हावी. विमाने आणखी वेगवान झाली तर आनंदच आहे. पण ज्या प्रवासाची गरजच उरत नाही, त्याच्याइतका जलद प्रवास दुसरा नाही.