नोंद लिहायला कोण शिकवणार?

विरार वा नालासोपाऱ्याहून मुंबईच्या केईएम, नायर किंवा शीवच्या रुग्णालयाकडे निघालेला रुग्ण भरगच्च लोकलमध्येही ओळखू येतो. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते आणि पिशवीत त्याचा सारा वैद्यकीय इतिहास: केसपेपर, रक्ताचे अहवाल, क्ष-किरण चित्रे, चिठ्ठ्या. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला; परंतु दुखणे अवघड झाले की येथील माणूस अजूनही वसईची खाडी ओलांडून मुंबई गाठतो. पिशवी पावसात भिजली किंवा गर्दीत गहाळ झाली, की तपासण्या पुन्हा पहिल्यापासून.

ही पिशवी नाहीशी करण्याचा संकल्प जुना आहे. केंद्र शासनाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये ठरविली, २०१६ मध्ये सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले आणि चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक घरोघरी पोहोचू लागला. हे सारे स्वागतार्हच आहे. पण त्या क्रमांकामागची नोंद लिहिणार कोण? शिक्षण-रुग्णालयांत ती मुख्यतः इंटर्न आणि निवासी डॉक्टरांच्या हातून उतरते. यंत्रांच्या निविदा निघतात, उद्घाटनाच्या फिती कापल्या जातात. या तरुणांना नोंद लिहायला शिकविण्याचा विषय मात्र कोणाच्याच अजेंड्यावर नसतो.

“आम्हांला डॉक्टर व्हायचे आहे, टंकलेखक नव्हे,” अशी तक्रार यावर ऐकू येते. ती ऐकायला बरी वाटते, पण टिकत नाही. अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्येच मांडले होते की नोंदीची शिस्त ही विचाराची शिस्त असते. कालची नोंद उचलून आज जशीच्या तशी चिकटविणारा विद्यार्थी काय करतो? रुग्णाचे पोट ताठरले असताना पडद्यावर ‘पोट मऊ’ असेच राहते. पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा रकाना रिकामा राहिला, तर पुढच्या पाळीतला डॉक्टर तेच इंजेक्शन लिहून मोकळा होतो. याला कारकुनी म्हणायचे काय?

महाराष्ट्राला यंत्राचा भरवसाही कळून चुकला आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील संगणकीय माहिती प्रणाली जुलै २०२२ मध्ये देयकांच्या वादापायी बंद पडली आणि वॉर्डांत पुन्हा कागद आला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेथेही कित्येक दिवस हातानेच कारभार चालला. केवळ बटणे पाठ केलेला विद्यार्थी अशा दिवशी हतबल होतो. ज्याला काय नोंदवायचे आणि का, हे शिकविले आहे, त्याचे कागदावरही अडत नाही.

गंमत अशी की, उपाय आपल्याच घरात आहे. सुश्रुतसंहितेत ‘योग्यासूत्रीय’ नावाचा अध्याय आहे. रुग्णाच्या देहावर शस्त्र चालविण्याआधी शिष्याने भोपळा, काकडी यांवर हात बसवावा, असे तेथे सांगितले आहे. तोच न्याय पडद्याला लावायला कोणता खर्च येतो? प्रत्येक महाविद्यालयात प्रणालीची सरावाची प्रत असावी, तीत काल्पनिक रुग्ण असावेत. विद्यार्थ्याला स्वतःचा प्रवेश-संकेत मिळावा. वरिष्ठाच्या पासवर्डने नोंद करणे हा गुन्ह्याइतका गंभीर प्रमाद मानला जावा. २०१९ पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात कौशल्यांची नोंदवही आहेच. सलाइन लावणे, टाके घालणे यांच्या पंक्तीला ‘घरी सोडतानाचा गोषवारा’ बसवावा आणि प्राध्यापकाने तो वाचूनच सही करावी.

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक केलेले आहे. त्याच नियमांत संगणकीकरणाचे प्रयत्न करावेत असेही म्हटले आहे. महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी निदान एवढे सांगावे: यंदा बाहेर पडणाऱ्या इंटर्नने लिहिलेला गोषवारा वसईतल्या कुटुंबवैद्याला, रुग्णाला एकही प्रश्न न विचारता, समजेल काय?