कान देऊन ऐका : नऊ कप्तानांचा वाद्यवृंद

मुलांनो, समजा, तुमच्या तालुक्यातल्या सात शाळांच्या कबड्डी संघांचे सात कप्तान निवडले आणि त्यांचाच एक संघ केला. संघ तगडा होईल, यात शंकाच नाही. पण मैदानात काय होईल? प्रत्येक जण म्हणेल, "चढाईला मी जातो!" मग साखळी धरायची कोणी?

संगीतात असा प्रयोग खरोखर झाला आहे, बरं का! तो झाला जर्मनीत, १९७५ साली. आणि तिथे सात नव्हे, चांगले नऊ कप्तान होते. मग तो वाद्यवृंद चार दिवसांत मोडला का? छे! तो २००२ सालापर्यंत, म्हणजे तब्बल सत्तावीस वर्षं टिकला. त्याचं नाव 'युनायटेड जॅझ + रॉक आन्साम्बल'. नाव नीट वाचलंत ना? त्यात चक्क बेरजेचं चिन्ह आहे! आन्साम्बल म्हणजे एकत्र वाजवणाऱ्यांचा मेळ.

आता जॅझ म्हणजे काय नि रॉक म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी घडवलेलं संगीत. त्यात ठरलेली धून असते. पण ती एकदा वाजवून झाली की वादक आपल्या मनानं तिचा विस्तार करतो. आपल्याकडे गवई चीज तीच ठेवून दर वेळी नवे आलाप-ताना घेतो ना, थोडं तसंच. रॉकमध्ये विजेवर चालणारी गिटार आणि दणदणीत ड्रम्स. १९६० नंतरच्या दहा-बारा वर्षांत काही वादकांना वाटलं, या दोघांची बेरीज का करू नये? त्या बेरजेला नाव पडलं जॅझ-रॉक.

दक्षिण जर्मनीत श्टुटगार्ट नावाचं शहर आहे. तिथल्या दूरचित्रवाणीवर तरुण मुलांसाठी एक कार्यक्रम होता, त्याचं नाव 'साडेअकरा'. म्हणजे जर्मन भाषेत 'एल्फआइनहाल्ब'. तो करणारे होते वेर्नर श्रेट्झमायर. कार्यक्रमाला संगीत हवं होतं. ते काम त्यांनी त्याच शहरातले पियानोवादक वोल्फगांग डाउनर यांच्यावर सोपवलं. डाउनर यांनी आपल्या ओळखीचे एकाहून एक सरस वादक गोळा केले. त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण स्वतःचा वाद्यवृंद चालवणारा! म्हणून लोक त्याला कौतुकानं 'बँडनायकांचा बँड' म्हणू लागले. नावाजलेल्या वादकांच्या अशा मेळाला सुपरग्रूप असंही म्हणतात.

कोण कोण होते त्यात? डाउनर स्वतः, गिटारवादक फोल्कर क्रीगेल, बेस वाजवणारे एबरहार्ड वेबर आणि ट्रॉम्बोनवादक आल्बर्ट मांगेल्सडोर्फ हे चौघे जर्मन. ड्रम्सवर जॉन हाइसमन, सॅक्सोफोन आणि बासरीवर त्यांच्या पत्नी बार्बरा थॉम्प्सन, ट्रम्पेटवर इयन कार, हे तिघे इंग्लंडकडचे. आक फान रोयन हे ट्रम्पेटवादक हॉलंडचे, आणि सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो अमेरिकेचे. पुढे मूळचे कॅनडाचे केनी व्हीलर हेही ट्रम्पेट घेऊन त्यांना मिळाले.

मोठ्या मुलांनी इथे इतिहासाचं पुस्तक आठवावं. दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. त्यात जर्मनी एका बाजूला, इंग्लंड-अमेरिका दुसऱ्या बाजूला. हिटलरच्या राज्यात जॅझकडे शत्रूचं संगीत म्हणून पाहत. मांगेल्सडोर्फ यांचे थोरले भाऊ एमिल यांना तर जॅझच्या नादापायी हिटलरच्या गुप्त पोलिसांनी तुरुंगात टाकलं होतं. तेव्हा आल्बर्ट शाळकरी वयाचे होते. युद्ध संपून तीसच वर्षं झाली होती, आणि तेच आल्बर्ट इंग्रज आणि अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर जॅझ वाजवत होते. नावातल्या त्या बेरजेच्या चिन्हाला केवढा अर्थ होता, पाहा!

प्रेक्षकांना हे संगीत फार आवडलं. मग वाद्यवृंद कार्यक्रमाबाहेर पडून मैफली करू लागला. श्टुटगार्टच्याच 'शुट्झेनहाउस' सभागृहात श्रोत्यांसमोर झालेलं वादन १९७७ साली तबकडीवर आलं. गंमत म्हणजे ही तबकडी काढण्यासाठी ते कुठल्या बड्या कंपनीच्या दारात गेले नाहीत. त्यांनी 'मूड' नावाची आपलीच छोटी कंपनी काढली. आणि ती तबकडी इतकी खपली, की जर्मनीतल्या सर्वांत जास्त खपलेल्या जॅझ तबकड्यांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

बरं, हा झाला इतिहास. आज मला सांगायचं आहे ते मात्र चाहत्यांविषयी. चाहता म्हणजे कोण? टाळ्या वाजवणारा? भिंतीवर फोटो चिकटवणारा? तेवढंच नव्हे हं. खरा चाहता म्हणजे शोध घेणारा. या वाद्यवृंदाच्या तबकड्या धुंडाळायच्या तर कसं करायचं, ते सांगते. त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट : एकच धून, पण पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा नुसता गलबला वाटेल. वाटू द्या. दुसऱ्या वेळी फक्त ड्रम्सकडे कान लावा. हाइसमन कुठे जोरात वाजवतात, आणि दुसऱ्याची पाळी आली की हात कसा हलका करतात, ते टिपा. तिसऱ्या वेळी फक्त वेबर यांचा बेस. त्यांचं वाद्य मोठं मजेदार! उभ्या डबल बेससारखंच उंच, पण त्याचं मोठं पोकळ पोट काढून टाकलेलं आणि आवाज विजेवर वाढवलेला. चौथ्या वेळी मांगेल्सडोर्फ यांचा ट्रॉम्बोन. ट्रॉम्बोन म्हणजे ते पितळी वाद्य, ज्याची लांब नळी पुढेमागे सरकवून सूर बदलतात. मांगेल्सडोर्फ एक सूर फुंकायचे आणि त्याच वेळी घशातून दुसरा सूर गायचे! ते दोन सूर मिसळले की आणखीही सूर उमटतात, आणि एकच माणूस वाजवत असून दोघं-तिघं वाजवताहेत असं वाटतं. खोटं वाटतं? घरात बासरी असेल तर फुंकताना घशातून गुणगुणून पाहा. आवाज कसा खरखरीत, दुहेरी होतो ते कळेल. त्यातून गोड सूर काढायला मात्र वर्षानुवर्षांची मेहनत लागते.

अशी एकच धून पाच वेळा ऐकली, की आपल्या कबड्डीच्या कोड्याचं उत्तर सापडतं. एक जण 'चढाई' करत असतो तेव्हा बाकीचे आठ जण साखळी धरून असतात. म्हणजे ते गप्प बसलेले नसतात, तर त्याचं वाजवणं कान देऊन ऐकत असतात. पाळी प्रत्येकाची येते. धुनीही एकट्याच्या नाहीत; वेगवेगळ्या वादकांनी आपापल्या रचना आणल्या आणि बाकीच्यांनी त्या वाजवल्या. चांगला कप्तान तोच, जो दुसऱ्याच्या पाळीला चांगला गडी होतो.

दुसरी वाट : वेष्टनावरची नावं. तबकडीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत वादकांची नावं असतात. पुष्कळ लोक ती वाचतच नाहीत. चाहत्यासाठी मात्र ते एकेक नाव म्हणजे एकेक दार! मारियानो यांचं दार उघडा, की आपण थेट आपल्या देशात येतो. मलेशियात राहत असताना त्यांना नागस्वरमचा नाद लागला. नागस्वरम म्हणजे दक्षिण भारतातल्या देवळांत आणि लग्नांत वाजणारं मंगलवाद्य, आपल्या सनईचा लांबलचक भाऊच म्हणा ना! ते शिकायला मारियानो दक्षिण भारतात आले. पुढे बंगळूरच्या 'कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन' या तालवाद्यांच्या संचाबरोबर आणि गायिका आर. ए. रामामणी यांच्याबरोबर त्यांनी 'ज्योती' नावाची तबकडी केली. ती १९८३ साली ध्वनिमुद्रित झाली. क्रीगेल यांचं दार उघडा, तर १९६९ सालच्या एका तबकडीवर ते चक्क सतार वाजवताना सापडतात! शिवाय ते व्यंगचित्रं काढायचे आणि त्यांनी मुलांसाठी ओलाफ नावाच्या एल्क हरणाचं चित्रपुस्तकही केलं. इयन कार यांच्या दारामागे तर ग्रंथच आहे, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचं चरित्र. एका तबकडीपासून निघालात, की असं गावोगाव हिंडून येता.

तिसरी वाट : आधीचं आणि नंतरचं. १९७७ ची तबकडी ऐका आणि मग १९९२ ची. मधल्या काळात वेबर बाहेर पडले होते आणि त्यांच्या जागी डेव्ह किंग आले होते. बेस बदलला की सगळ्या वाद्यवृंदाची चाल कशी बदलते? कोण म्हणतं बेस मागे असतो म्हणून तो महत्त्वाचा नाही? वहीत दोन रकाने करा आणि फरक लिहून काढा.

आता एक गोष्ट सांगते आणि थांबते. या नऊ-दहा जणांपैकी बहुतेक आज आपल्यात नाहीत. क्रीगेल २००३ साली गेले, मांगेल्सडोर्फ २००५ साली. मारियानो आणि इयन कार २००९ साली, व्हीलर २०१४ साली, हाइसमन २०१८ साली, डाउनर २०२० साली आणि फान रोयन २०२१ साली. बार्बरा थॉम्प्सन यांना १९९७ साली कंपवाताचं निदान झालं. बोटं ऐकेनाशी झाली, तरी त्यांनी संगीत सोडलं नाही. वाजवणं कठीण झालं तेव्हाही त्या रचना लिहीत राहिल्या. २०२२ साली त्याही गेल्या.

आणि वेबर? २००७ साली दौऱ्यावर असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर बेस वाजवता येईना. ज्यानं वर्षानुवर्षं बेस वाजवला, त्याचे हातच थांबले! दुसरा कोणी असता तर खचून बसला असता. वेबर यांनी काय करावं? ते स्वतःच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांचे शोधक झाले. सॅक्सोफोनवादक यान गारबारेक यांच्याबरोबर वर्षानुवर्षं ज्या मैफली केल्या होत्या, त्यांच्या फिती त्यांनी पुन्हा ऐकल्या. त्यांतले आपल्या एकट्याच्या वादनाचे तुकडे निवडले, त्यांवर नवे सूर चढवले आणि नवीन संगीत तयार केलं. अशी एक तबकडी २०१२ साली आली, दुसरी २०१५ साली. आणि या दुसऱ्या तबकडीवर वेबर यांच्या जुन्या बेसच्या साथीला ट्रम्पेटच्या जातीचं फ्लुगेलहॉर्न वाजवलं आहे कोणी, ठाऊक आहे? ऐंशी वर्षं ओलांडलेल्या आक फान रोयन यांनी! नऊ कप्तानांपैकी एकाची चढाई अडली, तेव्हा दुसऱ्यानं येऊन साखळी धरली.

म्हणून म्हणते, ध्वनिमुद्रण ही कपाटात धूळ खात ठेवायची वस्तू नव्हे. ते पुन्हा पुन्हा ऐकणारा कोणीतरी लागतो. तो भेटला, की थांबलेले हातही वाजवू लागतात.

पालकांना एक विनंती. मुलांबरोबर आपणही बसा. या तबकड्यांतल्या धुनी संगणकावर किंवा फोनवर शोधून द्या. पण मिनिटभर ऐकून 'पुढचं लावा' असं होऊ देऊ नका. एकच धून, पाच वेळा. आवडली नाही तरी चालेल. का आवडली नाही हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

या आठवड्याचा उद्योग : जॅझ-रॉक मिळालं नाही तर अडून बसू नका. गावात भजनी मंडळ असेल तिथे जा. एक अभंग फक्त पखवाज ऐका, दुसरा फक्त टाळ, तिसरा फक्त पेटी. कोण कोणासाठी थांबतो, कोण कोणाला पुढे जाऊ देतो, ते वहीत लिहा आणि घरी वाचून दाखवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर कान उघडे ठेवा!